मानवी हक्कांचा पहिला पाठ : शाळेतील पाण्याचा माठ

दरवर्षी १० डिसेंबरला मानवी हक्क दिन येतो. शाळांमधून भाषणे होतात, फळ्यावर रंगीत खडूने सुविचार लिहिला जातो, मुले टाळ्या वाजवतात आणि घंटा झाली की पाणी प्यायला धावतात. मला असे वाटते की, मानवी हक्कांचा खरा पाठ भाषणाच्या वेळी होत नाही, तो त्या पाण्याच्या माठापाशी सुरू होतो. माठ कोण भरतो, पेला कोण उचलतो, आधी कोण पितो आणि कोणाला थांबावे लागते, हे सारे मूल रोज पाहत असते. पुस्तकातला समतेचा धडा वर्षातून एकदा येतो. माठाचा धडा मात्र वर्षातून दोनशेहून अधिक दिवस चालतो. हे दोन धडे एकमेकांशी जुळले तर मूल हक्क शिकते. ते जुळले नाहीत तर मूल एवढेच शिकते की, पुस्तकात एक लिहायचे असते आणि वागायचे दुसरेच असते.

म्हणून शाळेत मानवी हक्क शिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार आपण या लेखात करू. हा लेख मंडळाच्या सभासदांसाठी आहे, तसाच आठवी ते बारावीच्या विद्यार्थी मित्रांसाठीही आहे. शेवटी अभ्यासासाठी काही प्रश्न दिले आहेत. ते सोडवल्याशिवाय लेख वाचून पूर्ण झाला असे समजू नये.

कागदावरचा हक्क आणि वर्गातला हक्क

प्रथम थोडा इतिहास पाहू. १८५६ साली धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. इतर जातींची मुले शाळा सोडून जातील, या भीतीने सरकारने त्या एका मुलाला प्रवेश नाकारला. या निर्णयावर वरपर्यंत चर्चा झाली आणि १८५८ साली मुंबई सरकारने जाहीर केले की, ज्या शाळा संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालतात त्या सर्व वर्गांच्या प्रजेला भेदभावाविना खुल्या राहतील. म्हणजे कागदावर दार उघडले.

आता यापुढची चाळीसएक वर्षे ओलांडून साताऱ्याला येऊ. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव रामजी आंबेडकर या बालकाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. हाच दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. दार उघडे होते, नाव हजेरीपटावर होते. पण वर्गात बसायला त्यांना वेगळे गोणपाट घ्यावे लागे आणि ते रोज घरी न्यावे व परत आणावे लागे, कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे. तहान लागली तर नळ आपल्या हाताने उघडता येत नसे. शिपायाने नळ सोडायचा, मग पाणी प्यायचे. शिपाई जागेवर नसला तर तहान तशीच राहायची. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच या आठवणी लिहून ठेवल्या आहेत.

या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. प्रवेशाचा हक्क मिळाला होता, पण वर्गात माणूस म्हणून बसण्याचा हक्क मिळाला नव्हता. पहिला हक्क सरकारी ठरावाने देता येतो. दुसरा हक्क शिक्षक, शिपाई, शेजारच्या बाकावरचे मूल आणि त्या मुलाचे आईवडील अशा सर्वांनी मिळून द्यावा लागतो, आणि तो रोज द्यावा लागतो.

पाण्याच्या बाबतीतही असेच घडले. रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली संमत केला. त्यात सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या करण्याचे म्हटले होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले केल्याचे ठरवले. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत त्या तळ्याचे पाणी कोणाला घेता आले नाही. त्या दिवशी हजारो माणसे तळ्यावर गेली तेव्हा ठरावाला अर्थ आला. पुढे न्यायालयातला लढा १९३७ पर्यंत चालला. हक्क लिहिला जाणे आणि हक्क वापरता येणे यांत केवढे अंतर असते, हे शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण आपल्याला दुसरीकडे शोधायला नको.

या अनुभवाचे सार आपल्या संविधानात उतरले आहे. कलम १५ सार्वजनिक विहिरी व तलाव यांच्या वापरात भेदभाव करण्यास मनाई करते. कलम १७ अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर करते. कलम २९ सरकारी व सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत केवळ धर्म, वंश, जात वा भाषा यांवरून प्रवेश नाकारण्यास बंदी करते. ही कलमे शिकवताना त्यांच्यामागे धारवाडचा तो मुलगा, साताऱ्याचे गोणपाट आणि महाडचे तळे उभे आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे. तसे केले नाही तर कलमांचे फक्त क्रमांक पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात.

जग काय म्हणते?

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्यात ३० कलमे आहेत. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात सर्व 'पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. तो बदलून सर्व 'माणसे' असा शब्द यावा यासाठी भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तसा बदल झाला. आपल्या मुलींना ही गोष्ट जरूर सांगावी. एका शब्दाने अर्धी मानवजात आत येते किंवा बाहेर राहते.

जाहीरनाम्याचे २६ वे कलम शिक्षणाचे आहे. शिक्षण हा प्रत्येकाचा हक्क आहे एवढेच सांगून ते थांबत नाही. शिक्षणाने माणसाचे व्यक्तिमत्त्व पूर्ण फुलावे आणि मानवी हक्कांविषयीचा आदर वाढावा, असेही ते सांगते. २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार संमत झाला व भारताने तो ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केला. मुलाला स्वतःशी संबंधित गोष्टींत आपले मत मांडता आले पाहिजे आणि शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असली पाहिजे, ही त्यातील दोन तत्त्वे शाळेच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत.

१९ डिसेंबर २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्क शिक्षणाविषयी स्वतंत्र जाहीरनामा केला. त्यात या शिक्षणाची तीन अंगे सांगितली आहेत. हक्कांविषयी शिकणे म्हणजे माहिती. हक्कांचा मान राखूनच शिकवणे म्हणजे पद्धत. आणि हक्क वापरण्याचे व दुसऱ्याचे हक्क जपण्याचे बळ यावे म्हणून शिकणे म्हणजे हेतू. आपल्याकडे पहिले अंग बरेच आले आहे. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका छापलेली असते. परंतु दुसरे अंग, म्हणजे पद्धत, अजून लंगडते आहे. याबाबत दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्याआधी मी स्वतःचीच एक चूक सांगतो.

माझी एक चूक

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट आहे. मी सातवीचा वर्गशिक्षक होतो. मुलींच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म आले होते. मी वर्गात गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "शिष्यवृत्तीवाल्या मुलींनी उभे राहा." चार मुली उभ्या राहिल्या. यादीत पाच नावे होती. पाचवी मुलगी गणितात वर्गात पहिली येणारी. ती खाली मान घालून बसून राहिली. मी रागावलो. "पैसे नको झालेत का?" असेही बोलून गेलो. वर्ग हसला.

शाळा सुटल्यावर ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "गुरुजी, फॉर्म भरायचाय मला. पण वर्गात उभं नका करू. मागल्या वर्षी नावं वाचली, त्या दिवसापासून शेजारची माझ्या डब्यातलं खात नाही."

त्याच दिवशी सकाळी मी नागरिकशास्त्रात समतेचा पाठ शिकवला होता. तिने तो चांगला ऐकला होता, उत्तरेही बरोबर दिली होती. मी स्वतः याच समाजातून आलेलो. शाळेत असताना मलाही असेच उभे केले जात असे. तरी माझ्या हातून तेच घडले, कारण सगळेच तसे करीत आणि त्यात काही वावगे आहे हे कोणाला वाटत नसे. हक्काची शिष्यवृत्ती देताना मी तिचा मान काढून घेतला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी एक साधा बदल केला. सर्व प्रकारच्या फॉर्मांसाठी सर्व मुलांना एकेक करून टेबलाशी बोलवायचे, ज्याचे जे असेल ते हातात द्यायचे, नाव मोठ्याने घ्यायचे नाही. यासाठी एक पैसा खर्च आला नाही, कोणाची परवानगी लागली नाही. तिचा फॉर्म वेळेत गेला. पण शेजारची मुलगी पुन्हा तिच्या डब्यातले खाऊ लागली की नाही, हे मला माहीत नाही. मी विचारले नाही. शिक्षक म्हणून ती माझी दुसरी चूक होती.

शाळेचा एक दिवस : पाच ठिकाणे

ज्याला आपल्या शाळेत मानवी हक्क आहेत की नाहीत हे पाहायचे असेल, त्याने पुढील पाच ठिकाणी उभे राहून पाहावे.

१) पाणी : सर्व मुले एकाच ठिकाणचे पाणी स्वतःच्या हाताने घेतात का? माठ भरायचे काम फिरते आहे की ठरावीक मुलांकडेच आहे?

२) झाडू : वर्ग कोण झाडते? मुलींनीच झाडायचे आणि मुलांनी बाके उचलायची, असा अलिखित नियम आहे का? शौचालयाच्या सफाईचे काम एखाद्या मुलाला त्याची जात पाहून तर सांगितले जात नाही ना? सर्वांच्या नावाने पाळीचा तक्ता भिंतीवर लावला की हा प्रश्न बराचसा सुटतो.

३) जेवण : सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी प्राथमिक शाळांत शिजवलेले दुपारचे जेवण देण्याचा आदेश दिला. २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमातींतील व्यक्तींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. यामागचा विचार खोल आहे. कोणाच्या हातचे खायचे, हा जातीचा सर्वांत जुना प्रश्न. तो शाळेच्या पंगतीत सुटावा, अशी ही रचना आहे. म्हणून पंगत कशी बसते हे पाहावे.

४) हजेरी व याद्या : मुलांची नावे कशी पुकारली जातात? टोपणनावाने, जातीवरून, व्यंगावरून कोणाला हाक मारली जाते का?

५) छडी : बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे. छडी टाकली पण जीभ तशीच ठेवली, तर कायदा अर्धाच पाळला.

याच कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाचा शिक्षणाचा हक्क प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी घेतली आहे. संविधानात त्यासाठी २००२ सालच्या ८६ व्या दुरुस्तीने कलम २१-क आले. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली होती. त्या मागणीपासून या दुरुस्तीपर्यंत १२० वर्षे गेली, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

वर्गात कसे शिकवावे?

लहान मुलांना, म्हणजे पहिली ते चौथीला, कलमे सांगू नयेत. त्यांना न्याय-अन्याय फार चांगला कळतो. खेळात कोणी रडीचा डाव खेळला तर ती लगेच ओरडतात. त्यांच्याकडूनच वर्गाचे पाच नियम करून घ्यावेत व ते शिक्षकालाही लागू करावेत. शिक्षक उशिरा आला तर त्यानेही कारण सांगावे. नियम सर्वांना सारखा, हा धडा मुलांना असा आपोआप मिळतो.

पाचवी ते सातवीच्या मुलांना गरज, इच्छा आणि हक्क यांतील फरक शिकवावा. फळ्यावर यादी करावी : पाणी, सायकल, औषध, मिठाई, शाळा, नवे कपडे, मारापासून संरक्षण. यांपैकी कोणत्या गोष्टी प्रत्येक मुलाला मिळाल्याच पाहिजेत आणि त्या देण्याची जबाबदारी कोणाची, यावर मुलांना वाद घालू द्यावा. उत्तर आधी सांगू नये. याच वयात १०९८ हा बालकांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक सर्वांना तोंडपाठ असावा.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांना खरा खटला द्यावा. केरळमधील एका शाळेत तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. वर्गाचे दोन गट करून दोन्ही बाजू मांडायला सांगाव्यात आणि मग बाजू उलट कराव्यात. आपल्याला न पटणाऱ्याचाही हक्क असतो, हे समजणे ही या अभ्यासाची सर्वांत अवघड पायरी होय.

याबरोबर अर्ज लिहायला शिकवावे. मुलींच्या शौचालयाच्या दाराला कडी नसेल तर मुख्याध्यापकांना अर्ज कसा करावा, तारीख व सह्या कशा घ्याव्यात, पोच कशी मागावी, तो अर्ज शाळा व्यवस्थापन समितीपुढे कसा जाईल, हे सारे प्रत्यक्ष करून घ्यावे. भाषणस्पर्धेत पहिला येणारा विद्यार्थी जर साधा अर्ज करू शकत नसेल, तर त्याचे हक्क भाषणातच राहतील.

एक आक्षेप

काही पालक व शिक्षक म्हणतात, "मुलांना हक्क शिकवले तर ती उद्धट होतील. आधी कर्तव्ये शिकवा." हा आक्षेप टाळून चालणार नाही. ज्याला फक्त 'माझा हक्क' शिकवला तो उद्धट होईल, हे खरेच आहे. पण मानवी हक्क म्हणजे शेजारच्याचाही तोच हक्क. माझी पाण्याची पाळी हा माझा हक्क, आणि रांग न मोडणे हे त्याच हक्काचे दुसरे नाव. शिवाय संविधानातील मूलभूत कर्तव्यांत २००२ साली एक कर्तव्य वाढले आहे, ते मोठ्यांसाठी आहे. ६ ते १४ वर्षांच्या आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे कर्तव्य होय. तेव्हा कर्तव्याचा धडा आपल्यापासून सुरू करावा.

आणि येथे आपल्या घरांकडेही पाहिले पाहिजे. आपण बाहेर समतेचे बोलतो, पण घरी मुलगा अभ्यासाला बसतो आणि मुलगी भांड्याला. आपल्याहून दुबळ्या समाजातील मुलाची चेष्टा आपली मुले करीत असतील तर आपण हसून सोडून देतो. साताऱ्याचे गोणपाट ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्या कोणासाठी गोणपाट अंथरू नये.

मंडळाने काय करावे?

मोठ्या योजनांची गरज नाही. तीन गोष्टी पुरेत. एक, रविवारच्या अभ्यासवर्गात महिन्यातून एक तास हक्कांच्या अभ्यासाला द्यावा. दोन, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत व समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. आपल्या वस्तीतील पालकांनी, विशेषतः माता-भगिनींनी, या समितीत जावे आणि सही करून परत न येता प्रश्न विचारावेत. तीन, पाच ठिकाणांची जी यादी वर दिली आहे ती घेऊन प्रत्येक सभासदाने वर्षातून एकदा आपल्या जवळच्या शाळेत जावे. भांडायला जाऊ नये, पाहायला जावे. जे चांगले दिसेल त्याबद्दल शिक्षकांचे आभार मानावेत. जे खटकेल ते लेखी सांगावे.

शेवटी तेवढेच म्हणणे आहे. मुले आपण सांगतो ते विसरतात, आपण वागतो ते लक्षात ठेवतात. माठ सर्वांचा असेल तर समतेचा धडा सोपा जातो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. १८५८ साली सरकारी शाळा सर्वांना खुल्या झाल्या असताना १९०० नंतरही साताऱ्यात वेगळे गोणपाट का होते? कायदा कोठे कमी पडला?

२. तुमच्या शाळेत पाणी, झाडू, जेवण, याद्या व शिक्षा या पाच ठिकाणी एक दिवस निरीक्षण करा. जे पाहिले तेच लिहा, ऐकलेले लिहू नका.

३. लेखातील मुलीच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? तिच्या शेजारच्या मुलीच्या जागी असता तर?

४. तुमच्या घरात कोणते काम केवळ मुलींनाच सांगितले जाते? त्याचा पाळीचा तक्ता तयार करून घरच्यांपुढे ठेवा.

५. तुमच्या शाळेतील एका गैरसोयीबद्दल मुख्याध्यापकांना पंधरा ओळींचा अर्ज लिहा व पुढील अभ्यासवर्गात वाचून दाखवा.